गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे: दोन हंगाम वापरून पाहिले

सापळ्यांची पिशवी घेऊन घरी आले तेव्हा आत्याबाई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. पिशवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "रॉकेलचे नरसाळे इतके कायले आणले वं? रॉकेल तं भेटतच नाही आता."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. वस्तू दिसायला नरसाळंच आहे. वर ताटलीएवढी प्लॅस्टिकची टोपी, खाली हातभर लांब पॉलिथिनची पिशवी, आणि टोपीच्या आतल्या बाजूला एक खाचेचा चिमटा. त्या चिमट्यात ल्यूर बसवायचं. ल्यूर म्हणजे शेंगदाण्याच्या दाण्याएवढं रबराचं बूच. कपाशीची बोंडं आतून खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीची मादी पतंग रात्री नराला बोलावताना जो वास सोडते तोच कारखान्यात तयार करून या बुचात मुरवलेला असतो. नर येतो, टोपीखाली भिरभिरतो, नरसाळ्यातून पिशवीत पडतो आणि त्याला परतीची वाट सापडत नाही. आपल्या नाकाला त्या बुचाचा कसलाही वास येत नाही. मी घेऊन पाहिला.

आमचं वावर राळेगाव तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. काळी जमीन, चार एकर कपाशी, धुऱ्याकडून (बांधाकडून) तुरीची तासं. पोरीचे बाबा गाडीवर असतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणून वावराचं बरं-वाईट माझ्याकडेच. मी आठ सापळे घेतले, एकरी दोन. एक सापळा 60 रुपये, एक ल्यूर 35 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोन वर्षांत दोन वेगळ्या कंपन्यांचे वापरले आणि प्लॅस्टिकच्या रंगाशिवाय मला काही फरक दिसला नाही.

फरक पडला तो दुकानात.

पहिल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात गेले. आषाढ संपत आला होता, कपाशी पंचेचाळीस दिवसांची झाली होती, सापळे लावायची वेळ अगदी बरोबर. मी म्हटलं, बोंडअळीचे कामगंध सापळे द्या. त्यांनी मागच्या खोलीतून सापळे आणले, काउंटरखालच्या खोक्यातून आठ ल्यूर मोजले, बिल केलं. जाता जाता "वहिनी, सोबत हे टॉनिक घेऊन जा, पाते गळत नाही" हेही झालं. टॉनिक मी घेतलं नाही. ल्यूरचं पाकीट वाचलं नाही. इथे माझीच चूक झाली, कारण अक्षरं बारीक होती, इंग्रजीत होती, आणि बस निघायला आली होती.

सापळे लावले. बारा दिवस रोज सकाळी पाहिले. एखाद्या पिशवीत एखादा पतंग, कधी दोन, बाकी रिकाम्या. मी खूश. म्हटलं, आपल्या वावरात बोंडअळी नाहीच. जावेला तसं सांगितलंसुद्धा.

तेराव्या दिवशी कृषी सहायक ताई आमच्या शेजारच्या प्लॉटवर आल्या होत्या. क्रॉपसॅप या सरकारी कीड-पाहणी योजनेत ठरलेल्या वावरांतली कीड मोजून वर कळवायची असते, 2009-10 पासून चालू आहे ते काम. मी त्यांना मोठ्या कौतुकानं माझा सापळा दाखवला. त्यांनी पिशवीची खालची गाठ सोडली, पतंग तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "ताई, हा तर हिरव्या अळीचा पतंग आहे. तुरीच्या शेंगा पोखरते ना, ती. गुलाबीचा पतंग एवढा मोठा नसतो हो." माझ्या पिशवीतला पतंग खाकी रंगाचा, चांगला पाऊण इंच. गुलाबी बोंडअळीचा त्याच्या निम्मासुद्धा नसतो, मातकट-करडा, पंखांवर काळपट ठिपके, पंखांच्या कडेला बारीक झालर. घरात धान्याच्या कोठीत जे बारके पाखरू उडतं, लांबून तसाच वाटतो.

मग पाकीट शोधलं. फेकलं नव्हतं, खिळ्याला अडकवलं होतं. त्यावर लिहिलं होतं हेलील्यूर. गुलाबीला लागतं गॉसिप्ल्यूर. प्रत्येक किडीचा वास वेगळा, एकीचा नर दुसरीच्या वासाला ढुंकून पाहत नाही. सोयाबीनवरची पानं खाणारी अळी असेल तर स्पोडोल्यूर, तेही वेगळं. पण बुचं तिन्हींची सारखीच दिसतात. दुकानात परत गेले तर मालक म्हणतात, "अळी ते अळीच ना वहिनी. पाकीट फोडलं, आता वापस कसं घेऊ?" 280 रुपये गेले. पैशापेक्षा बारा दिवस गेल्याचं जास्त लागलं. त्याहून जास्त, जावेला "बोंडअळी नाही" म्हणून छातीठोक सांगितल्याचं.

तेव्हापासून दुसऱ्या दुकानातून घेते. तिथला पोरगा ल्यूर फ्रिजमधून काढून देतो आणि न विचारता पाकिटावरची तारीख दाखवतो. आठ-दहा रुपये जास्त लागले तरी मी तिथेच जाते. ल्यूर उन्हातल्या खोक्यात पडून राहिलं तर वास उडून जातो, पैसे बुचाचे द्यावे लागतात. मी उरलेली ल्यूर पाकीट न फोडता बंद डब्यात घालून, वर चिठ्ठी चिकटवून फ्रिजमध्ये सगळ्यात खाली ठेवते. चिठ्ठी लिहायचं कारण आमच्या पोरीला ते च्युइंगम वाटलं होतं.

आता लावण्याबद्दल. टोपी झाडाच्या शेंड्यापेक्षा वीतभर ते फूटभर वर राहिली पाहिजे. कपाशी वाढते तशी काठीवरची सुतळी सोडून सापळा वर घ्यायचा. मी तुराटी लावून पाहिली, एका वादळात आडवी झाली. मग बांबूच्या काठ्या. ल्यूर बसवताना हात स्वच्छ लागतो. दोन सापळ्यांना ल्यूर बसवायचं काम मी भाऊजींना सांगितलं. त्यांच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोटाला खर्रा, त्याच हातानं बूच दाबून बसवलं. बाकी सहा सापळ्यांत पतंग पडत असताना त्या दोनमध्ये दहा दिवस शुकशुकाट होता. भाऊजी म्हणतात वाऱ्यानं. मी म्हणते खर्ऱ्यानं. ल्यूर बदलून मी स्वतः बसवलं तर तिसऱ्या रात्री पाच पतंग.

मुख्य गोष्ट सांगायची राहिली. हे सापळे घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक दोन आठवड्यांत कंटाळतात, कारण ते त्याला औषध समजतात. चार एकरांत आठ नरसाळी टांगून बोंडअळी संपत नाही. सापळ्यात फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी मोकळीच राहते. नर पकडून पकडून जोड्याच कमी करायच्या असतील तर एकरी आठ-दहा सापळे लागतात, आणि तेही एकट्याच्या वावरात लावून भागत नाही, अख्ख्या शिवारात लागतात. एकरी दोन सापळे मोजणीसाठी असतात. मोजणीचा आकडा ठरलेला आहे: सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग, सलग तीन रात्री. तो आकडा आला की हालचाल करायची. त्याआधी फवारलं तर पैसे मातीत, त्यानंतर आठवडाभरानं फवारलं तरी मातीतच.

असं का, हे मला एक बोंड फोडून पाहिल्यावर नीट समजलं. मादी पात्यावर (फुलाच्या कळीवर), बोंडाच्या देठाजवळ अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी बारीक, पांढरी, डोकं तेवढं काळं. ती फार वेळ बाहेर राहत नाही. बोंडात शिरते, आणि शिरली की ते छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून हिरवंगार, निरोगी बोंड. वरून अमृत शिंपडलं तरी आत पोचत नाही. हिरवी अळी निदान भोक पाडून बाहेर घाण टाकते, दिसते तरी. ही मुकाट्यानं सरकी खाते. सापळ्यात पतंग वाढले म्हणजे आता अंडी पडणार, अळ्या अजून बाहेर सापडतील, एवढे चार-सहा दिवस आपल्या हातात असतात. ते दिवस कोणते, हे सांगायला मला दुसरी सोपी सोय माहीत नाही. नुसतं पिकाकडे पाहून तर मुळीच कळत नाही.

पहिल्या वर्षीची वही समोर आहे, पोरीची जुनी चौकटवाली. खरं ल्यूर लावल्यानंतरचे आकडे, आठ सापळ्यांची सरासरी काढून लिहिलेले. सुरुवातीला 0, 1, 0, 1. पोळ्याच्या अमावस्येला 3, दुसऱ्या दिवशी 4. अमावस्येच्या आसपास पतंग जास्त अंडी घालतात असं आमच्याकडे जुने लोकही सांगतात आणि कृषी खात्याचे साहेबही सांगतात. एरवी या दोघांचं फारसं पटत नाही. तेव्हा वावरात फिरून डोमकळ्या वेचल्या. डोमकळी म्हणजे न उमललेलं फूल. पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या, आत अळी बसलेली. तोडायच्या, ओट्यात घ्यायच्या आणि वावराबाहेर नेऊन जाळायच्या. बाया म्हणाल्या, "फुलं तोडाची मजुरी देऊन राह्यली बाई!" दिली.

आणि निंबोळीचा अर्क फवारला. त्याची निंबोळ्या वेचण्याची तयारी पावसाआधीच करावी लागते. पाच किलो निंबोळी कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, दोनशे ग्रॅम साबण लिटरभर पाण्यात विरघळवून त्यात ओतायचा, मग त्याचं शंभर लिटर करायचं. साबण विसरलात तर पानावर टिकत नाही. वासानं दोन दिवस जेवण जात नाही, एवढीच काय ती तक्रार.

मग सर्वपित्री अमावस्या. वहीत लिहिलंय: 8, 11, 9. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वीस हिरवी बोंडं तोडली, चार एकरांत आडवं-उभं फिरून, बोराएवढी नाहीत तर लिंबाएवढी होत आलेली. धुऱ्यावरच्या दगडावर बसून विळ्याच्या पाठीनं एकेक फोडलं. पहिली सहा चांगली निघाली. ओला पांढरा कापूस, सोललेल्या लसणासारखा चकचकीत. सातव्यात आतल्या सालीवर बारीक फोड आलेला, आणि कापसाच्या पाकळीत तांदळाच्या कणीएवढी अळी, अजून गुलाबी न झालेली. वीसात तीन निघाली. नियम सांगतो, वीसात दोन निघाली की धोक्याची पातळी ओलांडली. म्हणजे आकडाही तेच सांगत होता आणि बोंडही.

त्या संध्याकाळी दुकानात गेले, नव्या. औषधाचं नाव इथे लिहीत नाही, कारण दरवर्षी शिफारस बदलते आणि कुणी दोन वर्षांनी वाचून तेच आणेल. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था त्या त्या हंगामाचं सांगतात, ते विचारा. मी एकच औषध आणलं, एकटंच फवारलं. एवढं मात्र लिहितेच, कारण आमच्याकडे एका पंपात चार बाटल्या घालायची रीत पडली आहे: अळीचं, तुडतुड्याचं, बुरशीचं, वरून टॉनिक. दुकानदार त्याला कॉकटेल म्हणतात, मोठ्या प्रेमानं.

2017 च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता वीसेक माणसं गेली. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) डोक्याच्या वर गेलेली, आत वारा नाही, अंगावर नुसता सदरा, आणि पंपात असलीच मिसळ. आमचे भाऊजी त्या वर्षी धुऱ्यावर भोवळ येऊन पडले. नऊ दिवस दवाखान्यात होते. डोळ्यांपुढे अंधारी यायची ती दिवाळीपर्यंत गेली नाही. तेव्हापासून घरात लाल त्रिकोणाची, म्हणजे अति विषारी औषधाची, बाटली येत नाही, आणि फवारणी एकानं कमी झाली की आत्याबाई देवाजवळ साखर ठेवतात. माझ्या लेखी या सापळ्यांची खरी किंमत तिथे आहे. आधीच्या वर्षी सहा फवारण्या झाल्या होत्या, सापळ्यांच्या पहिल्या वर्षी चार झाल्या.

हिशेब विचारणारे विचारतीलच, म्हणून देते. सापळे 480. चुकीचं ल्यूर 280. बरोबर ल्यूर चार वेळा, दर साधारण पंचवीस दिवसांनी बदललं, 1,120. एकूण 1,880 रुपये. आणि चार एकरांची एक फवारणी मला पडते ती अशी: औषध एकरी 800 प्रमाणे 3,200, आणि एकरी दहा पंप धरून चाळीस पंपांची मजुरी, पंपाला 40 रुपये, म्हणजे 1,600. झाले 4,800. दोन फवारण्या वाचल्या. रोज सकाळचा पाऊण तास मात्र हिशेबात धरलेला नाही. बाईचा वेळ आमच्याकडे कुणी हिशेबात धरत नाही, म्हणून मीही सोडून दिला.

पीक? त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) केलं, पहिली वेचणी झाली, आणि शेवटपर्यंत चार एकरांत 31 क्विंटल निघाला. सापळ्यांमुळे असं म्हणणार नाही, पाऊसही बेतानं पडला होता. तिसऱ्या वेचणीत कवडी निघालीच. पिवळट, चिकटलेली बोंडं, सरकीला सरकी जोडलेली. पण आधीच्या वर्षी तिसरी वेचणी जवळजवळ सगळीच कवडी होती, या वेळी बाजूला काढायला एक टोपलं पुरलं.

दुसरं वर्ष, म्हणजे यंदाचं, वेगळं गेलं आणि त्याचं निम्मं कारण मीच आहे. यंदा चारपैकी एक एकर सघन लावला, 90 बाय 15 सेंटिमीटरवर. आत्याबाईंच्या काळात तीन बाय तीनची चौफुली असायची, डवरा उभाही चालायचा आणि आडवाही. त्या अंतरानं एकरात 4,840 झाडं बसतात. माझ्या सघन एकरात 29 हजारांवर. बियाण्याच्या दोन पिशव्यांच्या जागी सहा लागल्या. झाड लहान ठेवायचं, बोंडं कमी पण एकदम, आणि वावर लवकर मोकळं, हा त्यातला विचार. लवकर मोकळं होणं बोंडअळीच्या दृष्टीनं चांगलंच. पण ऑगस्टअखेर ओळी अशा मिटल्या की आतल्या दोन सापळ्यांपर्यंत पोचायला मला लुगडं कमरेला खोचून, हातानं झाडं बाजूला सारत जावं लागायचं. सकाळच्या दवानं अंग ओलं. चार दिवस गेले, मग एक दिवस टाळला, मग दोन. वहीत त्या सापळ्यांपुढे सरळ रेघा आहेत. पाऊसही लागून होता, पिशव्यांत पाणी साचून पतंगांचा लगदा झाला होता, मोजणार काय. पिशवीच्या तळाला सुईनं दोन-तीन भोकं पाडायची हे मला उशिरा सुचलं.

परिणाम असा की सघन एकरात आकडा वर गेलेला मला चार-पाच दिवस उशिरा कळला. फवारणीही तिथे नीट बसली नाही. पंपाचा फवारा वरच्या पानांवरच थांबतो, खालची बोंडं कोरडी. तुडतुडेही तिथेच जास्त होते. बाकीच्या तीन एकरांत मोजणी रोज होती, तिथे बोंडं बरी राहिली. सघन लावणाऱ्यांना सांगते, पेरतानाच फिरायला पट्टा सोडा आणि सापळा पट्ट्याच्या कडेला लावा. मी लोभानं पट्टा सोडला नाही. यंदा चार एकरांत मिळून 24 क्विंटल.

सघन काय किंवा ठिबकवरची मे महिन्यातली कपाशी काय, माझी खरी तक्रार त्या बोंडअळीला आपण बारा महिने ताट वाढून ठेवतो याबद्दल आहे. पांदणीपलीकडे ठिबकची कपाशी आमच्या पेरणीआधीच हातभर असते. तिला लवकर फुलं येतात, पहिली पिढी तिथे जगते. डिसेंबरात आमची वेचणी संपते तेव्हा कुणीतरी पाणी देऊन फरदड घेतं, म्हणजे तीच कपाशी पुढे राखतं, ती होळीपर्यंत उभी. राहिलेल्या पऱ्हाट्या घराजवळ रचलेल्या, त्यात किडकी बोंडं, आणि त्यांत अळ्या झोपलेल्या. हिचा मुक्काम कुठेच मोडत नाही. 2006 मध्ये बोंडअळीला मारणाऱ्या दोन जनुकांचं बीटी बियाणं आलं तेव्हा मामाजी म्हणायचे, आता बोंडअळीचं नावच नको. दहा-अकरा वर्षांत तीच अळी त्याच झाडाची बोंडं खाऊन उभी राहिली. तिला तेवढी जेवणं मिळाली होती. माझे आठ सापळे यापुढे काय करणार? पांदणीपलीकडून जोडी लागूनच आलेली मादी माझ्या सापळ्याला विचारतसुद्धा नाही. आम्ही यंदा डिसेंबरअखेर कपाशी उपटली, रोटाव्हेटरनं कुट्टी करून गाडली. शेजारची अजून उभी आहे.

वस्तू म्हणून खोटी कुठे आहे, तेही सांगते. टोपीचं प्लॅस्टिक एका उन्हाळ्यात कडक होतं. मी सापळे कोठ्यात टांगून ठेवले होते, दुसऱ्या वर्षी काढताना आठपैकी तिघांच्या टोप्यांना तडे. पिशव्या तर एका हंगामाच्याच समजा. माकडांना ती लटकती पिशवी पाहून काय वाटतं कोण जाणे, दोनदा ओरबाडून नेल्या. एक सापळा रोह्यानं (नीलगायीनं) काठीसकट लोळवला. मुंग्या काठीवर चढून पिशवीतले मेलेले पतंग नेतात, सकाळी उशिरा गेलात तर आकडा कमीच येतो. काठीला खाली ग्रीस लावलं, फरक पडला. आणि पाकिटावर मराठीत एक ओळ नाही. ज्या जिल्ह्यात ही वस्तू सगळ्यात जास्त विकली जायला हवी तिथल्या भाषेत "गुलाबी बोंडअळी" एवढे दोन शब्द छापायला किती शाई लागते?

एक गैरसमज भाऊजींचा होता, तुमच्याकडेही असेल: "वहिनी, हे वास लावून तुम्ही साऱ्या गावचे पतंग आमच्या धुऱ्यावर बोलावून राह्यल्या." मी म्हटलं, आले ते नर आहेत भाऊजी, अंडी नाही घालत. ते हसले, पण सप्टेंबरभर माझ्या सापळ्यांकडे वाकड्या नजरेनं पाहत होते. यंदा नवरात्रात एक दिवस सकाळी चहाला आले आणि कपात बिस्कीट बुडवत म्हणाले, "किती आले जी आज?" मी म्हटलं, सात. "म्हणजे अजून नाही." अजून नाही, म्हटलं. ते पंप घेऊन निघाले होते, पंप आमच्या ओसरीतच ठेवून परत गेले.

पाचात गुण द्यायचे तर वस्तूला साडेतीन, नव्या दुकानाला चार, जुन्या दुकानाला लिहीत नाही. मला पुढच्या श्रावणाआधी तीन टोप्या हव्या आहेत. दुकानात म्हणतात सुटी टोपी मिळत नाही, पूर्ण सापळाच घ्या. राळेगाव, कळंब, वणी, हिंगणघाट, कुठेही सुटी मिळत असेल तर खाली लिहा. येताना घेऊन येईन.